मामांच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढला की परत येतो. फॉरमॅट न मारता काही उपाय?

कृष्णाकाठ
मंडळी, मदत पाहिजे. माझे मामा मिरजेला असतात. वय ७१, निवृत्त मुख्याध्यापक. घरचा कॉम्प्युटर चौथ्या पिढीतला आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर भजनी मंडळाची पत्रकं, कॉलनीच्या वर्गणीच्या याद्या आणि आमच्या घराण्याची वंशावळ असा सगळा कारभार श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतो. वंशावळीचं काम गेली अकरा वर्षं चालू आहे, त्यामुळे घरात त्या मशीनचा मान देवघराच्या खालोखाल.

दिवाळीत गेलो तर अवस्था अशी. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच कुठलंतरी सर्चचं पान. उजव्या कोपऱ्यात खालून दर दोन मिनिटांनी 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असा लाल डबा वर येतो. एक एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम) बसलंय, त्याला काढायचं बटणच नाही. क्रोमच्या मेन्यूत तळाला लिहून येतं की हा ब्राउझर तुमची संस्था चालवते. मामा म्हणाले, "संस्थेतून मी २०१२ ला रिटायर झालो. आता त्यांचा काय संबंध?"

मी क्रोम काढून नव्याने टाकलं. दोन दिवसांत मामांचा फोन, "अरे, ते परत आलंय बघ." विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, म्हणतो सगळं ठीक. एका फुकटच्या अँटिव्हायरसने ४१ धोके शोधले आणि काढायला पैसे मागितले. मी पुण्यात असतो, सारखं जाणं होत नाही. काय करावं?

रोखठोक_रावसाहेब
फॉरमॅट मारा. विषय संपला.

शेंगदाणा_चटणी
+१ रावसाहेब.
(मामांना संस्था सोडत नाही हे वाचून चहा नाकातून आला.)

कृष्णाकाठ
रावसाहेब, धाग्याच्या नावातच लिहिलंय हो. श्रीलिपी बसवून देणारा माणूस दुकान बंद करून गेला, सीडी सापडत नाही. फाइली कॉपी करून ठेवल्या तरी जुन्या फॉन्टातला मजकूर आहे, दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती किडामुंगी दिसते.

जुना_मदरबोर्ड
आधी एक गैरसमज दूर करू. तुम्ही सांगितलेली लक्षणं एकाच रोगाची नाहीत, निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोपऱ्यातला लाल डबा बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारलं आणि मामांनी 'अलाऊ' दाबलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या उडवा. निम्मा त्रास तिथेच संपतो आणि त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

'संस्था' मात्र खरी भानगड आहे. कंपन्यांना आपल्या सगळ्या मशीनवर एकसारखं क्रोम ठेवता यावं म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या वहीत, 'पॉलिसी' लिहून ठेवायची सोय आहे. मालवेअर तीच वापरतं. अमुक एक्स्टेन्शन सक्तीने बसवायचं अशी नोंद तिथे केली की काढायचं बटणच गायब होतं. तुम्ही क्रोम काढलंत, पण नोंद क्रोममध्ये नव्हतीच, ती विंडोजमध्ये होती. नवं क्रोम आलं, त्याने नोंद वाचली आणि आज्ञाधारकपणे तेच एक्स्टेन्शन बसवलं. भाडेकरू बदलला पण घराची किल्ली चोराकडेच, असा प्रकार.

रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने जा. घरगुती मशीनवर तिथे सहसा काही नसतं. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग डिलीट. करंट युजरच्या खालीही तशीच शाखा असते, तीही बघा. तरी पाहुणा परत आला तर समजा की ती नोंद कुणीतरी पुन्हा पुन्हा लिहितंय. मग टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, तपासा. मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आहे, मशीन सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते सगळं एका पानावर दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे ती चालू करा, नाहीतर यादी बघून चक्कर येईल.

शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. त्यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज उठायच्या आधी तपासणी होते. नेहमीच्या स्कॅनपासून लपणारी बरीच मंडळी तिथे सापडतात.

रोखठोक_रावसाहेब
एवढ्या वेळात तीनदा फॉरमॅट झाला असता.

टेकडीवरची
एक खासगी प्रश्न विचारू का कृष्णाकाठ? मामांचं विंडोज विकतचं आहे, की 'दुकानदाराने टाकून दिलेलं'?

कृष्णाकाठ
ताई, दुकानदाराने टाकून दिलेलं. ऑफिस पण.

टेकडीवरची
वाटलंच. आमच्या सासऱ्यांच्या मशीनवर हेच होतं. फुकटात विंडोज ॲक्टिव्हेट करणारं जे टूल असतं ना, ते चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. आणि पुढे कटकट नको म्हणून डिफेंडरच्या 'एक्स्क्लुजन' यादीत फोल्डर टाकून ठेवतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस ॲन्ड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये अगदी खाली ती यादी असते. सासऱ्यांकडे त्यात काय होतं माहितीय? सबंध सी ड्राइव्ह. म्हणजे वॉचमन ठेवलाय, पगार चालू आहे, आणि त्याला सांगितलंय की या बिल्डिंगकडे तेवढं बघू नकोस.

शेंगदाणा_चटणी
आमच्या सोसायटीचा वॉचमन न सांगताच तसं करतो.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स मिंट टाका. व्हायरसची कटकट नाही, ४ जीबीत लोण्यासारखं चालतं, फुकट आणि तेही कायदेशीर. माझ्या आईला फरकसुद्धा कळला नाही.

जुना_मदरबोर्ड
आले! पस्तीस प्रतिसाद होईपर्यंत तरी दम धरायचा होता.
त्यांना श्रीलिपी हवंय.

पेंग्विनप्रेमी
युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरांत) टाइप करायला शिकवा मग. २०२५ साल आहे.

निवांत_नाना
पेंग्विनराव, सत्तरीतल्या माणसाच्या बोटांत कळफलक मुरलेला असतो. मला स्वतःला युनिकोडवर यायला दोन वर्षं लागली आणि अजूनही 'ज्ञ' काढताना देव आठवतो.

बाकी हा धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या हापिसात फ्लॉपीवरून व्हायरस यायचे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहून ठेवला होता! आजचे चोर एवढे सभ्य राहिले नाहीत. १९९२ च्या मार्चमध्ये मायकेलँजेलो व्हायरसची घबराट, तो ६ मार्चला डिस्कवरचा डेटा पुसायचा. त्या दिवशी मशीन चालूच करायचं नाही असा तोंडी हुकूम होता. आम्ही दिवसभर कॅरम खेळलो. आणि त्यावरचं औषध पुढे आपल्या पुण्यातच निघालं. काटकर बंधूंपैकी कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे संजय कॉम्प्युटर शिकले, आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनींत व्हायरसच फार म्हणून त्यांनी स्वतःच अँटिव्हायरस लिहिला. तोच क्विक हील.

शेंगदाणा_चटणी
नाना, 'मशीन चालूच करायचं नाही' हा आजवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

सॅन_होजे_वहिनी
दुरून मदत करणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते. आई नाशिकला एकटी असते. मागच्या वर्षी तिच्या स्क्रीनवर एक पान आलं, पूर्ण स्क्रीनभर, आत भोंगा वाजतोय, खाली फोन नंबर. तिने फोन केला. पलीकडचा मुलगा इतका गोड बोलला की आईने त्याला जेवलास का विचारलं. त्याने एनीडेस्क (दुरून मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर) उतरवून घ्यायला लावलं आणि तासाभरात खात्यातून अठरा हजार गेले.

ते पान म्हणजे व्हायरस नव्हताच. नुसतं एक वेबपान होतं, ब्राउझर बंद केला की गेलं असतं. ऑल्ट आणि एफ-फोर दाबा, नाहीच झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडल्यावर 'जुनी पानं परत आणू का' ला नाही म्हणा. आता आईच्या मॉनिटरच्या कडेला मी कागद चिकटवून घेतलाय, त्यावर फक्त तेवढंच आहे आणि १९३०. पैसे गेले तर पहिला फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं. लगेच केला असता तर पुढच्या खात्यात अडकवता आले असते असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

आणि कृष्णाकाठ, तुम्ही पुण्याहून मामांच्या मशीनवर रिमोटने बसणार असाल तर स्वतःचा एकही पासवर्ड तिथे टाइप करू नका. माझ्या नवऱ्याने आईच्या मशीनवर स्वतःचं जीमेल उघडलं होतं. पुढचे आठ दिवस आम्ही पासवर्ड बदलत होतो.

रोखठोक_रावसाहेब
वहिनींचा प्रतिसाद वाचून तरी पटावं. मी फॉरमॅट म्हणतो ते आळसातून नाही. आजकालची जात वेगळी आहे. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुक्या उचलायच्या, पाठवून द्यायच्या आणि गप्प बसायचं. तुम्ही एक्स्टेन्शन काढल्याच्या आनंदात असता, माल कधीच गेलेला असतो. क्रॅक, म्हणजे ते फुकटात ॲक्टिव्हेट करणारं टूल, चालवलेल्या मशीनवर 'साफ झालं' म्हणायची माझी तयारी नाही.

जुना_मदरबोर्ड
हे मात्र मान्य. पण रावसाहेब, गेलेला माल फॉरमॅटनेही परत येत नाही. त्यासाठी पासवर्ड बदलायचे, तेही दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, आणि गूगलच्या खात्यात जाऊन सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायचं. नुसता फॉरमॅट मारून तेच जुने पासवर्ड वापरणारे महाभाग मी रोज बघतो.

टेकडीवरची
क्रॅकवरून अजून एक. माझ्या आतेभावाने २०१९ मध्ये फोटोचं सॉफ्टवेअर असंच उतरवलं. सगळ्या फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरं लागली आणि खंडणीची चिठ्ठी. स्टॉप-डीजेव्हीयू म्हणून कुळ आहे. त्याच ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्टने सोडवायचं फुकट साधन काढलं. पण नव्या प्रकारांवर ते चालतं कधी? हल्ल्याच्या वेळी मशीन चोरांच्या सर्व्हरशी बोलू शकलं नसेल तर. मग व्हायरस एक ठरलेली, सगळ्यांना सारखी किल्ली वापरतो आणि ती माहीत असू शकते. भावाचं वायफाय त्या दिवशी नेमकं धडधाकट होतं. मुलीच्या बारशाचे फोटो गेले.
वंशावळीचा बॅकअप आहे ना हो?

कृष्णाकाठ
अपडेट. शनिवारी मिरजेला जाऊन आलो. बॅकअप नव्हता, आता आहे. पोर्टेबल डिस्कवर फक्त फाइली घेतल्या, एकही एक्सई (प्रोग्रामची फाइल) नाही. शिवाय वंशावळीच्या सगळ्या पानांची पीडीएफ करून घेतली. फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे कुठेही उघडते.

मग मदरबोर्ड साहेबांच्या क्रमाने. नोटिफिकेशनच्या यादीत सतरा साइटी निघाल्या, त्यातल्या दोन राशिभविष्याच्या. पॉलिसी सापडली, उडवली. टेकडीवरची, तुमचे पाय कुठे आहेत? एक्स्क्लुजनमध्ये सबंध सी ड्राइव्ह! ते काढलं आणि डिफेंडर झोपेतून उठल्यासारखा ओरडायला लागला.

टास्क शेड्यूलरमध्ये 'गूगल अपडेट' नावाचा एक टास्क होता, पण अपडेटच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पी दोन. दर तासाला पॉवरशेल (विंडोजचं कमांड चालवणारं साधन) लपवून चालवायचा. मामा मागे खुर्ची टाकून बसले होते. मी शोधून थकलो आणि ते चष्मा वर करून म्हणाले, "हे बघ, इथं स्पेलिंग चुकलंय." चौतीस वर्षं पेपर तपासलेला माणूस!

ऑफलाइन स्कॅन करून, क्रोम रीसेट करून, त्यांच्या फोनवरून पासवर्ड बदलून रात्री साडेअकराला हात धुतले. मामींनी कटाची आमटी केली होती. सगळ्यांचे आभार.

शेंगदाणा_चटणी
मुख्याध्यापकांना लाल पेनाचा नमस्कार.

निवांत_नाना
कटाची आमटी म्हणजे पुरणपोळीही असणार. ती माहिती लपवलीत.

कृष्णाकाठ
मंडळी, आज गुरुवार. सकाळी सातला मामांचा फोन. "अरे, ते परत आलंय बघ."
मी शांत आहे. म्हणजे नाही.

रोखठोक_रावसाहेब
मी काही बोलत नाही.

पेंग्विनप्रेमी
मी पण.

जुना_मदरबोर्ड
घाबरू नका. पहिला संशय क्रोमच्या सिंकवर. खात्याशी जोडलेलं असेल तर एक्स्टेन्शनं गूगलकडे जमा असतात, मशीन साफ केलं तरी लॉगिन केल्याबरोबर वरून परत टपकतात. दुसरा राउटर. त्याचा डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेटिंग) कुणी बदलला असेल तर घरातल्या फोनवरही भलती पानं येतील. फोनवर येतात का?

कृष्णाकाठ
फोन स्वच्छ. सिंक मी शनिवारीच बंद केलं होतं. शनिवार ते बुधवार काहीही नव्हतं, मामा रोज बसत होते.

टेकडीवरची
आधी तुमच्या हातून क्रोम काढल्यावर दोन दिवसांत परत आलं होतं. तो कुठला वार होता?

कृष्णाकाठ
भाऊबीज गुरुवारी होती. मी सोमवारी काढलं, बुधवारी रात्री आलं.
थांबा. बुधवार.

टेकडीवरची
मामा बुधवारी काय करतात?

कृष्णाकाठ
मामांना फोन केला. गुरुवारी भजन असतं. बुधवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पत्रकं छापायला जातात, आणि घरी येऊन तोच पेनड्राइव्ह लावून ठेवतात. भाऊबीजेच्या आदल्या दिवशीसुद्धा गेले होते.
मी विचारलं, पेनड्राइव्हमध्ये काही वेगळं दिसतं का? म्हणाले, "फोल्डरवर छोटा बाण आलाय. मला वाटलं नवीन पद्धत असेल."

जुना_मदरबोर्ड
सापडला! हा जुना खेळ आहे. पूर्वी पेनड्राइव्ह लावल्या लावल्या त्यातला प्रोग्राम आपोआप चालायचा. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये अपडेट देऊन ते बंद केलं. मग या मंडळींनी दुसरी वाट काढली. तुमचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडायचे. बाण त्या शॉर्टकटचा. तुम्ही उघडता, आधी त्याची स्क्रिप्ट चालते, मग तुमचा फोल्डरही उघडतो, म्हणून संशय येत नाही. आणि ती स्क्रिप्ट एकदा आत शिरली की बाकीचे पाहुणे इंटरनेटवरून बोलावून घेते. तुमचं घर साफ होतं, पण मामा दर बुधवारी त्याला स्वतः हाताला धरून घरी आणत होते.

पेनड्राइव्हवर डबल क्लिक करू नका. कमांड प्रॉम्प्टमधून ॲट्रिब कमांडने लपवलेले फोल्डर दाखवून घ्या, कागदपत्रं तेवढी काढा आणि पेनड्राइव्हच फॉरमॅट करा.

रोखठोक_रावसाहेब
फॉरमॅट! शेवटी हा शब्द तुमच्या तोंडून आलाच.

जुना_मदरबोर्ड
घ्या, तुमच्यासाठीच राखून ठेवला होता.

शेंगदाणा_चटणी
त्या झेरॉक्सवाल्याला जाऊन धरा. अख्ख्या मिरजेला वाटतोय तो.

दोन_बाजू_झेरॉक्स
सहसा वाचनमात्र असतो, पण आज लिहितो. माझं असंच दुकान आहे, दुसऱ्या गावात. परीक्षेच्या दिवसांत दिवसाला दीडशे पेनड्राइव्ह लागतात मशीनला. कोण कुठून काय घेऊन येतं मला कसं कळणार? पोरं रांगेत, लाइट जायची भीती, आणि स्कॅन करतो म्हटलं की "काका लवकर द्या, बस आहे." व्हायरस आम्ही बनवत नाही, आमच्याकडे जमा होतात. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून सर्दी झाली म्हणून डॉक्टरला धरणार का?

मी आता पेनड्राइव्ह घेतच नाही. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा म्हणतो. म्हातारी माणसं रागावतात, पण पुढच्या वेळी पाठवतात.

शेंगदाणा_चटणी
काका, माफी. चुकलंच.

निवांत_नाना
पण श्रीलिपीवाल्यांना पीडीएफ जमते का? छापताना अक्षरं बदलतात म्हणून तर ते पेनड्राइव्हच घेऊन जात असतील.

कृष्णाकाठ
नाना, जमते. विंडोज १० मध्ये प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतो. प्रिंट दाबायचं, खऱ्या प्रिंटरऐवजी तो निवडायचा, झालं. वंशावळीची पीडीएफ मी त्यानेच केली होती, पण मामांना शिकवायचं डोक्यातच आलं नाही. काल व्हिडिओ कॉलवर पाऊण तास लागला. आता ते मलाच रोज एक पीडीएफ पाठवतात. आज पंचांग आलं.

टेकडीवरची
जाता जाता, विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण त्यासाठी विंडोज खरं लागेल. आणि चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तेव्हा हे वर्षभराचं काम आहे असं धरून चला. तोवर नवं मशीन, आणि श्रीलिपीची नवी अधिकृत प्रत.

पेंग्विनप्रेमी
किंवा...

जुना_मदरबोर्ड
नाही.

रोखठोक_रावसाहेब
मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. फॉरमॅट न मारता जातो का? जातो, पण तुम्हाला ते कळायला दोन बुधवार जावे लागतात. माझ्याकडे असता तर मी फॉरमॅट मारला असता आणि पुढच्या बुधवारी तो पेनड्राइव्हमधून परत आला असता. एवढं कबूल करतो. आणि त्या मशीनवरून बँकेचा व्यवहार मात्र अजूनही करू देऊ नका.

कृष्णाकाठ
रावसाहेब, तुम्ही हे लिहिलंत यासाठी धागा वाचनखुणेत टाकतोय. बँक फक्त फोनवर, हे मामांना सांगून झालं. टेकडीवरची, विंडोजचं आणि नव्या मशीनचं मामींच्या कानावर घातलंय. त्या म्हणाल्या, आधी वंशावळ संपू दे.

शेवटचा अपडेट. तीन बुधवार गेले, काही नाही. पेनड्राइव्ह अगदीच लागला तर म्हणून मामींनी स्वतःच उपाय काढला. दोन नवे आणले आणि नेलपॉलिशने एकावर 'सो' आणि दुसऱ्यावर 'ओ' लिहिलं. सोवळ्यातला घराबाहेर जाणार नाही, ओवळ्यातला घरच्या मशीनला शिवणार नाही.

सॅन_होजे_वहिनी
मामींना अमेरिकेत नोकरी मिळेल. आमच्या कंपनीत हेच सांगायला तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं.

निवांत_नाना
मस्त! आता चालू आहे ना सगळं?

कृष्णाकाठ
चालू आहे नाना. सोवळ्यातला कपाटात आहे. ओवळ्यातला कालपासून सापडत नाहीये, आणि मामा म्हणतायत मशीनच्या मागे बघ.